जुन्या हार्ड डिस्कवरील पडीक जागा आणि तिचे पार्टिशन

विंडोजमध्ये ‘कॉम्प्युटर’ या चिन्हावर उजवे क्लिक करून ‘मॅनेज’ आणि त्यातून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले, की संगणकातील हार्ड डिस्क एका आडव्या पट्टीच्या रूपात समोर येते. त्या पट्टीत सी ड्राइव्ह असतो, असल्यास डी आणि ई असतात, संगणक नामांकित कंपनीचा असेल तर तिने राखून ठेवलेला एखाददुसरा लहान भाग असतो, आणि पुष्कळ जुन्या संगणकांवर या सगळ्यांच्या उजवीकडे, डोक्यावर काळी पट्टी असलेला एक भाग दिसतो, ज्यावर ‘अनअलोकेटेड’ असे लिहिलेले असते. हा भाग ‘माय कॉम्प्युटर’मध्ये कधीच दिसत नाही आणि त्यात फाइल ठेवता येत नाही. म्हणूनच सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तरी आपल्याच डिस्कवर शे-दोनशे जीबी जागा पडून आहे, याचा कित्येकांना पत्ता नसतो.

ही जागा वापरात आणण्याचे, म्हणजे तिचे ‘पार्टिशन’ (डिस्कचा स्वतंत्रपणे वापरता येणारा भाग) करण्याचे काम मुळात पाच मिनिटांचे आहे. अडचण अशी, की ते ज्या खिडकीत करायचे त्याच खिडकीत शेजारच्या भागावरील सर्व माहिती पुसून टाकण्याची सोयही असते, आणि एका विशिष्ट टप्प्यावर तर विंडोज असा प्रश्न विचारते, की ज्याला ‘येस’ म्हटल्यास पुढच्या बऱ्याच वाटा बंद होतात. तो प्रश्न नेमका काय विचारतो हे कळण्यासाठी डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत काय लिहिलेले असते ते माहीत असावे लागते.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. खोक्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते, म्हणजे ३५ जीबी कुठेतरी पडीक आहेत, असे नव्हे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज त्याच शब्दाने १०२४ च्या तीन वेळा केलेल्या गुणाकाराइतके, म्हणजे सुमारे १०७ कोटी बाइट मोजते. त्यामुळे ८० जीबीची डिस्क ७४.५ जीबी, १६० ची १४९ आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते. हा केवळ मोजमापाचा फरक आहे. तसेच विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर पट्टीच्या टोकाला जेमतेम ८ एमबीचा काळा तुकडा असतो. तो एक्सपीनेच स्वतःच्या सोयीसाठी सोडलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरी पडीक जागा बहुधा दोन-तीन कारणांनी तयार होते. सर्वांत सामान्य कारण म्हणजे डिस्क बदलणे. ८० जीबीची जुनी डिस्क कुरकुरू लागली, दुरुस्ती करणाऱ्याने तिची हुबेहूब प्रत ५०० जीबीच्या नव्या डिस्कवर उतरवली, आणि जुन्या पार्टिशनची मापेही तशीच उतरली. संगणक पूर्वीसारखा सुरू झाला, गिऱ्हाईक खूश झाले आणि सुमारे ३९० जीबी जागा तशीच राहिली. दुसरे कारण म्हणजे कोणीतरी हौसेने टाकलेले आणि नंतर काढलेले लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम). तिसरे कारण एक्सपीच्या काळातले आहे आणि ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यात धोका लपलेला आहे.

डिस्कवरची जागा ५१२ बाइटांच्या सेक्टरांत विभागलेली असते आणि प्रत्येक सेक्टरला एक अनुक्रमांक असतो. एके काळी हा अनुक्रमांक संगणकाकडून डिस्ककडे पोहोचवण्यासाठी २८ बिट वापरले जात. २८ बिटांत जास्तीत जास्त २६,८४,३५,४५६ इतके वेगवेगळे आकडे बसतात, आणि त्यांना ५१२ ने गुणले की सुमारे १३७ अब्ज बाइट होतात. म्हणजेच १३७ जीबीच्या पलीकडे डिस्कवर जागा असली तरी तिथला पत्ताच सांगता येत नसे. पुढे ४८ बिटांची पद्धत आली, परंतु ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या मूळ विंडोज एक्सपीला ती येत नव्हती. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ (विंडोजच्या दुरुस्त्यांचा एकत्रित संच) पासून तिची सोय झाली. त्यामुळे मूळ सीडीवरून १६० जीबीच्या डिस्कवर एक्सपी टाकले, की विंडोजच्या मोजणीप्रमाणे १२८ जीबीपर्यंतच जागा दिसे, आणि नंतर सर्व्हिस पॅक टाकला की उरलेले सुमारे २१ जीबी अचानक ‘अनअलोकेटेड’ म्हणून प्रकट होत. ही जागा वापरायला हरकत नाही, पण एकदा तिथे पार्टिशन केल्यावर त्याच जुन्या सीडीवरून पुन्हा विंडोज टाकण्याचा मोह टाळलाच पाहिजे. जुन्या विंडोजला सीमेपलीकडचा पत्ता पूर्ण उच्चारता येत नाही, आणि अशा स्थितीत पलीकडच्या भागासाठी असलेले लेखन डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर पडून तिथली माहिती नष्ट होऊ शकते. संगणकाचा बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा, संगणकातच बसवलेला प्रोग्राम) फार जुना असेल तर त्यालाही हीच मर्यादा असते.

चार ओळींचे दप्तर

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिच्यासोबत आलेल्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग पाडण्याची जी पद्धत ठरली, ती पुढची तीस वर्षे जवळजवळ तशीच चालली. घरातला संगणक २०१२ च्या आधीचा असेल, तर त्याच्या डिस्कवर हीच पद्धत असण्याची शक्यता फार मोठी आहे. तिला मास्टर बूट रेकॉर्ड, थोडक्यात एमबीआर म्हणतात.

डिस्कचा अगदी पहिला सेक्टर या कामासाठी राखलेला असतो. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइटांत संगणक सुरू करणारा एक चिमुकला प्रोग्राम असतो, शेवटचे २ बाइट ओळखखुणेचे असतात, आणि मधल्या फक्त ६४ बाइटांत अख्ख्या डिस्कची वाटणी लिहिलेली असते. या ६४ बाइटांत १६-१६ बाइटांच्या बरोबर चार नोंदी मावतात. प्रत्येक नोंदीत त्या भागावरून संगणक सुरू करायचा की नाही, तो भाग कोणत्या प्रकारचा आहे (विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमसाठी, म्हणजे फाइली मांडण्याच्या पद्धतीसाठी ०७, लिनक्ससाठी ८३ असे ठरलेले क्रमांक असतात), तो कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती सेक्टर लांब आहे, एवढेच लिहिलेले असते. सातबाऱ्यावरची नोंद बदलली म्हणून शेतातली माती हलत नाही, तसेच पार्टिशन करणे म्हणजे या चार ओळींत फेरफार करणे होय. जी जागा कोणत्याच ओळीत येत नाही, तीच ‘अनअलोकेटेड’.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी आहे. चुकून एखादे पार्टिशन ‘डिलीट’ झाले, तर बहुतेक वेळा केवळ १६ बाइट पुसले गेलेले असतात आणि आतल्या फाइली जागच्या जागी असतात. अशा वेळी त्या डिस्कवर नवे काहीही न लिहिता, न फॉरमॅट करता संगणक बंद करावा आणि टेस्टडिस्क या मोफत प्रोग्रामच्या साहाय्याने हरवलेली नोंद शोधून परत लिहावी, किंवा हे काम जाणकाराकडे सोपवावे. ‘बघू या तरी’ म्हणून त्याच जागी नवे पार्टिशन करून फॉरमॅट केले, तर मात्र हा मार्ग अवघड होत जातो. दुसरी गोष्ट अशी, की सेक्टरचा आकडा लिहायला प्रत्येक नोंदीत ३२ बिटच असल्यामुळे या पद्धतीत विंडोजच्या मोजणीने २ टीबीपलीकडची जागा नोंदवता येत नाही. म्हणून घरच्या जुन्या संगणकाला ३ टीबीची डिस्क आणून जोडू नये. तिला जीपीटी ही नवी पद्धत लागते आणि जुना बायोस असलेल्या संगणकावर अशा डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही.

पाचव्या पार्टिशनचा सापळा

चार नोंदी म्हणजे चारच पार्टिशन. ही मर्यादा लवकरच जाचू लागल्यामुळे पुढे अशी तोड काढण्यात आली, की चारपैकी एका नोंदीला ‘एक्स्टेंडेड’ म्हणायचे आणि त्याच्या पोटात हवी तितकी ‘लॉजिकल’ पार्टिशने करायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुकानात जुळवून घेतलेल्या संगणकात बहुधा सी हे एक प्रायमरी (थेट चार ओळींत नोंदलेले) पार्टिशन आणि उरलेल्या सगळ्या जागेचे एक एक्स्टेंडेड, त्यात डी, ई, एफ, अशी मांडणी सापडते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे एक्स्टेंडेड हिरव्या चौकटीने वेढलेले दिसते. त्या चौकटीच्या आत रिकामी जागा असेल तर ती काळी न दिसता फिकट हिरवी दिसते आणि तिला ‘फ्री स्पेस’ म्हणतात. तिथे नवे पार्टिशन करणे निर्धोक आहे, कारण मूळ चार ओळींना त्यात हात लागत नाही.

खरी पंचाईत होते ती विंडोज ७ च्या काळातील नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांवर. कारखान्यातून निघतानाच त्यांवर चारही ओळी भरलेल्या असतात. १०० एमबीचे ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’, मग सी, मग संगणक मूळ स्थितीत आणण्यासाठीचे ‘रिकव्हरी’, आणि शेवटी कंपनीच्या तपासणी साधनांचे एक लहान पार्टिशन. आता घरचा माणूस सी ड्राइव्ह आकसून थोडी जागा मोकळी करतो, काळ्या भागावर उजवे क्लिक करतो, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ (व्हॉल्यूम म्हणजे ड्राइव्ह म्हणून दिसणारा भाग) निवडतो, ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ करत ‘फिनिश’पर्यंत येतो, आणि तेव्हा एक इशारा समोर येतो. त्याचा आशय असा, की ही कृती केल्यास ही ‘बेसिक’ डिस्क ‘डायनॅमिक’ होईल, आणि तसे झाल्यावर सध्या ज्यावरून विंडोज चालते त्या बूट व्हॉल्यूमखेरीज डिस्कवरच्या इतर कोणत्याही व्हॉल्यूमवरून ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करता येणार नाही. खाली ‘येस’ आणि ‘नो’ अशी दोन बटणे असतात. एवढ्या पायऱ्या चढून आलेला माणूस सवयीने ‘येस’ दाबतो.

लगेच काहीच बिघडत नाही, हेच यातले फसवे आहे. निळ्या पट्ट्या पिवळसर होतात, नवा ड्राइव्ह दिसू लागतो, फाइली बसतात. मात्र आता डिस्कची वाटणी त्या चार ओळींत राहिलेली नसते, तर डिस्कच्या शेवटी असलेल्या १ एमबीच्या एका खास नोंदवहीत गेलेली असते, आणि ती नोंदवही विंडोजपुरतीच आहे. पुढे कधी जीपार्टेडसारखे पार्टिशन बदलणारे साधन घेऊन फेरबदल करायचे ठरवले किंवा शेजारी लिनक्स टाकायचे ठरवले, की ती साधने हात टेकतात. विंडोजच्या मार्गाने परत ‘बेसिक’ व्हायचे तर डिस्कवरील सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात. उलट दिशेने नेण्याचा दावा करणारे प्रोग्राम बाजारात आहेत, पण घरातल्या एकुलत्या एका डिस्कवर त्यांची परीक्षा घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

म्हणून तो इशारा दिसला की ‘नो’ म्हणावे आणि चारपैकी कोणती ओळ मोकळी करता येईल ते पाहावे. कंपनीच्या साधनांचे लहान पार्टिशन बहुधा कोणी कधी वापरलेले नसते, त्यातील फाइली पेनड्राइव्हवर उतरवून ते काढून टाकता येते. रिकव्हरीचे पार्टिशन काढण्याआधी मात्र कंपनीच्याच प्रोग्रामने रिकव्हरी डीव्हीडी करून घ्याव्यात, कारण ते एकदा गेले की मूळ विंडोज पुन्हा टाकण्याची ती घरगुती सोय संपते. ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ला हात लावू नये, संगणक त्याच्यावरूनच सुरू होतो. एक ओळ मोकळी झाली, की विंडोज ७ स्वतःच चौथ्या ठिकाणी एक्स्टेंडेड करून त्यात लॉजिकल पार्टिशन बसवते.

आधी डिस्कची प्रकृती

दहा-बारा वर्षे चाललेल्या डिस्कच्या बाबतीत पार्टिशनपेक्षा महत्त्वाचा प्रश्न ती अजून किती चालेल हा आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवत असते, त्यांना स्मार्ट म्हणतात, आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने त्या वाचता येतात. त्या यादीत वीसेक ओळी असतात, पण घरच्या कामासाठी दोनच पाहाव्यात. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे जे सेक्टर खराब झाल्यामुळे डिस्कने राखीव सेक्टरांकडे वळवले त्यांची संख्या, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे जे वाचता येत नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही त्यांची संख्या. पहिली लहान असून महिनोन्महिने तेवढीच राहिली तर डिस्क कामचलाऊ समजावी. दुसरी शून्याहून जास्त असेल आणि वाढत असेल, तर पार्टिशनचा विचार सोडून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे हलवावीत.

बॅकअप तर प्रकृती ठणठणीत असली तरी घ्यायचाच, आणि तो दुसऱ्या वस्तूवर: बाहेरून जोडायच्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर. सी वरचे फोटो नव्या डी मध्ये ठेवले म्हणजे बॅकअप झाला, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. सी आणि डी एकाच मोटरवर फिरतात आणि त्यांना वाचणारी यंत्रणा एकच असते. मोटर बसली की दोन्ही एकदम जातात. डी ड्राइव्हचा उपयोग एवढाच, की विंडोज नव्याने टाकताना सी फॉरमॅट केला तरी डी वरची माहिती शाबूत राहते.

तिसरी तयारी विजेची. रिकाम्या जागेत नवे पार्टिशन करायला काही सेकंद लागतात, त्यामुळे तिथे वीज गेल्याने सहसा नुकसान होत नाही. परंतु अस्तित्वात असलेले पार्टिशन आकसणे किंवा सरकवणे असेल, तर ते काम काही तास चालू शकते, आणि मध्येच दिवे गेले तर माहिती अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी राहते. डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतला यूपीएस हवा, लॅपटॉपची जुनी बॅटरी पाच मिनिटांत उतरत असेल तर चार्जर लावूनही निर्धास्त राहू नये. लोडशेडिंगच्या वेळा ठाऊक असतील तर त्या टाळून बसावे. शेवटी सी ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ या पानावरून एकदा चूक-तपासणी करून घ्यावी.

जागा कुठली आणि तिचा उपयोग काय

डिस्कच्या तबकडीवर बाहेरचा घेर मोठा असल्यामुळे एका फेऱ्यात तिथे जास्त सेक्टर मावतात आणि आतल्या घेरात कमी. अनुक्रमांक बाहेरून आत जातात. परिणामी पट्टीच्या उजव्या टोकाची जागा तबकडीच्या आतल्या भागात येते आणि तिथून माहिती वाचण्याचा वेग सुरुवातीच्या भागाच्या तुलनेत पुष्कळ कमी, अनेक डिस्कांवर जवळपास निम्मा असतो. फोटो, गाणी, लग्नाचे चित्रीकरण, जुन्या परीक्षांच्या पीडीएफ यांना याने फरक पडत नाही. संगणक मंद आहे म्हणून विंडोजची पेज फाइल (मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी फाइल) तिकडे हलवण्याचा सल्ला अधूनमधून दिला जातो, त्याने मात्र काम आणखी मंदावण्याचीच शक्यता जास्त, कारण वाचणाऱ्या यंत्रणेला सतत दोन टोकांमध्ये ये-जा करावी लागते. जुन्या संगणकाचा वेगच वाढवायचा असेल तर पार्टिशनने ते साधणार नाही. तेवढ्या खटपटीत एक लहान एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवावी आणि जुनी डिस्क साठवणुकीला ठेवावी.

साठवणुकीसाठी पार्टिशन करायचे असेल तर काळ्या भागावर उजवे क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे (एक्सपीमध्ये ‘न्यू पार्टिशन’), माप आहे तेच ठेवावे, फाइल सिस्टीम एनटीएफएस निवडावी आणि एक ओळखीचे नाव द्यावे. फॅट३२ निवडू नये. तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि आजच्या मोबाइलवर काढलेले तासाभराचे चित्रीकरणसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडते. ‘क्विक फॉरमॅट’पुढची खूण मी काढून टाकायला सांगेन. या जागेवर वर्षानुवर्षे कोणी काही लिहिलेले नाही, पूर्ण फॉरमॅटला तासभर किंवा अधिक लागला तरी त्यात संपूर्ण भाग तपासला जातो, आणि खराब सेक्टर असतील तर ते फोटो ठेवण्याआधी कळतात. फॉरमॅटनंतर पुन्हा एकदा स्मार्टचे ते दोन आकडे पाहावेत. नव्या ड्राइव्हला मिळालेले अक्षर आवडले नाही तर बदलता येते, पण आधीपासून असलेल्या डी किंवा ई चे अक्षर बदलू नये, कारण त्यावर टाकलेले प्रोग्राम आपला पत्ता त्या अक्षराने ओळखत असतात.

पुष्कळांना नवा ड्राइव्ह नको असतो, भरलेला सी मोठा हवा असतो. विंडोज व्हिस्टा आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ आहे, पण रिकामी जागा सी च्या लगेच उजवीकडे असेल तरच तो पर्याय मिळतो. मध्ये डी किंवा रिकव्हरी असेल तर तो पुसट दिसतो आणि चालत नाही. एक्सपीला तर विंडोज असलेला ड्राइव्ह वाढवताच येत नाही. अशा वेळी पेनड्राइव्हवरून जीपार्टेड सुरू करून मधले पार्टिशन उजवीकडे सरकवावे लागते. सरकवणे म्हणजे त्यातला सगळा मजकूर एक-एक करून नव्या जागी उतरवणे. ३०० जीबीचा डी असेल तर जुन्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास राबावे लागते, आणि दुखणाईत डिस्कला हे श्रम सोसत नाहीत. माझ्या मते सी वरील फोटो आणि चित्रफिती उजवीकडच्या नव्या ड्राइव्हवर हलवून सी रिकामा करणे हा दहापैकी नऊ घरांसाठी पुरेसा उपाय आहे.

याच्या उलट, ‘अनअलोकेटेड’ काहीच नाही पण सी मध्येच भरपूर जागा मोकळी आहे, अशीही स्थिती असते. तेव्हा सी वर उजवे क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ वापरायचे. इथे हमखास येणारा अनुभव असा, की सी मध्ये ३०० जीबी मोकळे असताना विंडोज फार तर ४०-५० जीबीच आकसायला तयार होते. सी च्या मध्यावर किंवा टोकाकडे अशी एखादी फाइल बसलेली असते, जिला विंडोज चालू असताना हलवता येत नाही. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती हे नेहमीचे अडथळे आहेत. कोणती फाइल आडवी आली हे ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या ‘ॲप्लिकेशन’ विभागात २५९ क्रमांकाच्या नोंदीत सापडते. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून आकसावे आणि नंतर त्या परत चालू कराव्यात. एनटीएफएसची स्वतःची अनुक्रमणिका मध्यावर असेल तर तेवढ्यानेही भागत नाही आणि पुन्हा जीपार्टेडकडेच जावे लागते.

लिनक्ससाठी जागा करताना

विंडोज ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे इंटरनेटसाठी लिनक्स आणि जुन्या प्रोग्रामांसाठी विंडोज अशी जोडी ठेवणे हा पडीक जागेचा सर्वांत चांगला उपयोग ठरू शकतो. त्यासाठी ती जागा विंडोजमधून पार्टिशन न करता काळीच सोडावी. लिनक्सचा इन्स्टॉलर तिच्यात स्वतःची पार्टिशने करतो, आणि चारपैकी एकच ओळ शिल्लक असेल तर तिथे एक्स्टेंडेड करून त्यात सगळे बसवता येते. त्याला लॉजिकल पार्टिशन चालते, प्रायमरीच हवे असा हट्ट नसतो. २५-३० जीबी मूळ प्रणालीला आणि मेमरीइतकी किंवा थोडी कमी जागा स्वॅपला (लिनक्समध्ये पेज फाइलचे काम करणाऱ्या भागाला) पुरते. ‘इरेझ डिस्क’ हा इन्स्टॉलरमधला पर्याय संपूर्ण डिस्क पुसतो, ‘अलाँगसाइड’ असे लिहिलेला पर्याय विंडोज राखून शेजारी बसतो. हा फरक दोनदा वाचून मगच पुढे जावे.

विंडोज ८ किंवा १० असेल तर त्यातील ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, आणि त्या अवस्थेतील सी मध्ये लिनक्समधून काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात. बायोस १३७ जीबीच्या मर्यादेचा असेल तर लिनक्सचा ‘बूट’ भाग त्या सीमेच्या आत येईल असे पाहावे, नाहीतर सुरुवात करणाऱ्या प्रोग्रामला तो वाचताच येणार नाही.

जोडी बसल्यानंतर विंडोजला लिनक्सचे पार्टिशन वाचता येत नाही आणि त्याला एखादे अक्षर मिळालेच तर ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचा का?’ असे विंडोज विचारते. तिथे ‘कॅन्सल’ करावे आणि डिस्क मॅनेजमेंटमधून ते अक्षर काढून टाकावे. लिनक्स नको झाले तर त्याची पार्टिशने विंडोजमधून नुसती ‘डिलीट’ करणे मात्र महागात पडते. पहिल्या सेक्टरमधल्या त्या ४४६ बाइटांत आता लिनक्सचा ग्रब हा प्रोग्राम बसलेला असतो आणि तो आपला उरलेला भाग हटवलेल्या पार्टिशनमध्ये शोधत राहतो. पुढच्या वेळी संगणक चालू केला, की विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच उमटते. आतले विंडोज धडधाकट असते, त्याच्यापर्यंत नेणारी सुरुवात तेवढी हरवलेली असते. म्हणून आधी विंडोजची डीव्हीडी किंवा रिपेअर डिस्क हाताशी ठेवावी, तिच्यातील दुरुस्तीच्या विभागातून मास्टर बूट रेकॉर्ड पुन्हा लिहून घ्यावा, विंडोज थेट सुरू होते याची खात्री करावी, आणि त्यानंतरच लिनक्सची पार्टिशने काढून ती जागा पुन्हा काळी करावी.